पाणी ढोसलं की किडनी सुधारते?

"रोज चार लिटर पाणी प्या, किडनी धुवून निघते" असं प्रत्येक लग्नात कोणीतरी काका सांगतातच, पण किडनी म्हणजे काय मोरी आहे का बादलीभर ओतून साफ करायला... कॅनडात ऑन्टारिओला याचीच ट्रायल झाली, 631 पेशंट, सगळे किडनीच्या जुनाट आजाराच्या स्टेज 3 वाले, म्हणजे किडनीचं काम मध्यम कमी झालेले, अर्ध्यांना रोज एक-दीड लिटर जास्त प्यायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीइतकंच. 2018 ला रिझल्ट आला, वर्षभराने दोन्हीकडे किडनीचं काम जवळपास सारखंच घसरलेलं. मुतखड्याचं वेगळं, तिथे पाणी उपयोगी पडतं. आणि डायलिसिसवाल्याला तर आग्रह करूच नका हो, लघवी होत नसेल तर ते पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, फुप्फुसात उतरलं की धाप लागते, म्हणून तर त्यांना पाणी मोजून देतात.