इंजिनबदल (जुन्या मोटारगाड्यांतील)

गाडीचे मूळ इंजिन कायमचे उतरवून त्याच चेसिसवर दुसऱ्या, बहुधा नंतरच्या पिढीच्या गाडीचे इंजिन बसवणे म्हणजे इंजिनबदल. सिलिंडरला बोअर मारून (आतून घासून), पिस्टन-रिंगा नव्या घालून तेच इंजिन पुन्हा चढवले तर तो इंजिनबदल नव्हे; त्याला गॅरेजात ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. जगभरच्या हौशी मंडळींमध्ये इंजिनबदल म्हटले की स्पोर्ट्स कार आठवते. मराठवाड्यात आठवते ती जीप.

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये (वरच्या झाकणात) आणि बाहेर सोडणारे ब्लॉकमध्ये (खालच्या धडात), अशी त्याची जुनी रचना. इंजिन दणकट होते, पण पेट्रोल पिणारे. डिझेल अनेक दशके पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त राहिले, आणि जीप ज्याच्या पोटापाण्याची होती त्याला हिशेब सांगावा लागला नाही. महिंद्राने स्वतःच पुढे जीपमध्ये डिझेल इंजिने दिली. त्यांतले प्यूजोचे ‘एक्सडीपी ४.९०’ सर्वांत परिचयाचे. त्याचे नावच त्याची जन्मपत्रिका आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ८३ मिलिमीटर, म्हणजे एकूण २११२ सीसी. अपघातातल्या किंवा मोडीत निघालेल्या गाडीचे असे इंजिन भंगार बाजारात ‘हाफ’ (नुसता ब्लॉक, पिस्टन आणि त्यांनी फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक) किंवा ‘फुल’ (हेड, पंप, सेल्फसह) या हिशेबाने विकले जाते. हाफ इंजिन स्वस्त वाटते, पण उरलेले सामान जमवता जमवता फुलच्या वर जाते.

इंजिन चेन पुलीला टांगून चेसिसवर उतरवायला एक दुपार पुरते. काम खरे त्यानंतर सुरू होते, आणि ते इंजिनात नसून त्याच्या आजूबाजूला असते. डिझेलला ठिणगीसाठीचे डेल्को आणि कॉइल नको, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरही नको. त्याऐवजी डिझेल फवारणारे पंप-नोझल, थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग आणि टाकीकडे परत जाणारी डिझेलची नळी लागते. कंप्रेशन पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे सेल्फ मारायला मोठी बॅटरी आणि जाड केबल हवी. वजन वाढते म्हणून पुढच्या कमानीत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एखादे पान वाढवतात. इंजिनाची फाउंडेशने (ते टेकते त्या बैठका) जागा बदलतात, ती चेसिसला नव्याने वेल्ड करावी लागतात. डिझेलचा थरकाप वेगळा असल्याने कच्चे वेल्डिंग पहिल्याच पावसाळ्याच्या खड्ड्यांत चिरते.

सगळ्यांत नाजूक जागा बेल हाउसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या आवरणाची. नव्या इंजिनाच्या मागच्या तोंडाची भोके जुन्या गिअरबॉक्सशी जुळत नाहीत, म्हणून दोहोंच्या मधे जाड लोखंडी प्लेट करून घालतात. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या जड चाकावर) डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप, लावून क्रँक हाताने सावकाश फिरवायची, आणि काटा जिथे सरकतो तिथे प्लेट हलकेच ठोकून पुन्हा फिरवायची. काटा स्थिरावला की मगच प्लेट जागेवर धरणाऱ्या पिनांची भोके पाडायची. यात आणखी एक मेख आहे. प्लेट जितकी जाड तितका गिअरबॉक्स मागे सरकतो आणि शाफ्टचे टोक क्रँकमधल्या बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. मग लेथवर लांब बुश करून ती उणीव भरावी लागते. हे कुणी विसरले तर गाडी चालू होते, फाटकाबाहेरही जाते. महिन्याभरात क्लच दाबला की कुरकुर ऐकू येते, आणि क्लच प्लेटचे आटे खाल्ले जातात.

दुसरी जागा चेंबरची, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याची. फोर-व्हील जीपचा पुढचा अॅक्सल नेमका त्याखाली येतो. चेंबर कापून, उथळ करून पुन्हा वेल्ड करणे हा उपाय सर्वांना माहीत असतो. पण आतला ऑइल ओढणारा स्ट्रेनरही (गाळणीही) त्याच मापाने हलवावा लागतो, याकडे घाईत दुर्लक्ष होते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना ऑइल मागे सरकते, स्ट्रेनर उघडा पडतो आणि ऑइलचा दिवा लागतो. त्या वेळी गाडी उभी केली नाही तर बेअरिंगे गेलीच म्हणून समजा.

मराठवाड्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा रेडिएटरची परीक्षा होते. जुन्या इंजिनाच्या मापाचा रेडिएटर नव्यावर ठेवला तर थंडीत चालतो आणि एप्रिलात उकळतो. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिले तर नळ्यांत पांढरी खपली धरते आणि मोठा रेडिएटरही लहान होऊन बसतो. कूलंट परवडत नसेल तर निदान पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, हा जुन्या उस्तादांचा सल्ला प्रस्तुत लेखकाला पूर्ण पटतो.

इंजिनबदलाचे दुसरे टोक म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवे रोटरी इंजिन. आपल्याकडे माझदा हे नाव आले ते स्वराज माझदाच्या मालवाहू गाड्यांवरून; जपानमध्ये मात्र फेलिक्स व्हँकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या रोटरी इंजिनाला चिकाटीने धरून ठेवणारी कंपनी ती हीच. या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. मधून किंचित दबलेल्या लंबगोल घरात तिकोनी रोटर फिरतो. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. तिन्ही कोपऱ्यांवरच्या पट्ट्या घराच्या भिंतीला घासत कंप्रेशन धरून ठेवतात, आणि त्या झिजल्या की इंजिनाचा जीव गेला. माझदाच्या १९७८च्या पहिल्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमध्ये ५७३ सीसीच्या दोन घरांचे, कार्बोरेटरवर चालणारे ‘१२ए’ होते. २००३च्या आरएक्स-८ मधल्या ‘रेनेसिस’ची घरे ६५४ सीसीची. पूर्वी धूर परिघावरच्या तोंडातून निघे, आता तो बाजूच्या भिंतींतून निघतो. म्हणून नवे इंजिन जुन्या गाडीत आकाराने सहज मावले तरी सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड नव्याने घडवावा लागतो. त्याहून त्रासदायक भाग वायरिंगचा. नव्या गाडीचा कंट्रोल युनिट (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आपल्याच चावीची, आपल्याच पॅडलची आणि आपल्याच सेन्सरांची वाट बघत बसतो. एकही खूण पटली नाही की इंजिन सुरू करत नाही किंवा अर्ध्या ताकदीवर ठेवतो. जीपवाल्याची अडचण पाना-लेथने सुटते, इथे लॅपटॉप लागतो. रोटरी गरमही फार होते, त्यामुळे ऑइलला वेगळा कूलर लागतो आणि रेडिएटरचा प्रश्न पुन्हा तोच.

जीपमधली ही रीत आता ओसरली आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. दोहोंतले अंतर घटले आणि खर्च वसूल होईनासा झाला. कायद्याची बाजू तर आधीपासूनच आवळलेली होती. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील मालकाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. मंजुरीशिवाय इंजिन बदलले गेल्यास चौदा दिवसांत आरटीओला कळवावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले.

जुनी जीप विकत घेताना म्हणूनच जाणकार माणूस रंग किंवा टायर बघत नाही. तो आरसी हातात घेऊन बोनेट उघडायला लावतो, ब्लॉकच्या कडेचे काळे ऑइल चिंधीने पुसतो, तिथे कोरलेल्या इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि उमटलेले आकडे एकेक करून ताडून पाहतो. आरसीवर ‘पेट्रोल’ आणि समोर हीटर प्लगच्या वायरी दिसल्या, तर चहा पिऊन तो परत जातो.