हृदयातला स्टेंट स्प्रिंगसारखा का वागत नाही?

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे हमखास बजावतात, "आत स्प्रिंग बसवलीय, जोरात खोकू नका, सरकायची!" काळजी खरी असते, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. सुरुवातीचे काही दिवस डॉक्टर वजन उचलू नका म्हणतात ते मनगटाच्या किंवा जांघेच्या रोहिणीला पाडलेल्या छिद्रासाठी. आज हृदयाच्या रोहिणीत बसवतात तो स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी, दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा नसतो. फुग्याने एकदा उघडला की त्याच्या धातूत परत मिटण्याची ओढ जेमतेम उरते, आणि त्याच गुणावर तो उभा राहतो.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला हृदयाच्या रोहिणीत पहिल्यांदा फुगा फुगवला. रोहिणी उघडायची, पण पुष्कळदा तिची भिंत पुन्हा आत यायची किंवा चिरून बंद पडायची. तिला आतून टेकू हवा होता. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात बसवलेले पहिले स्टेंट मात्र खरोखर स्प्रिंगच्या जातीचे होते, तारेने विणलेले आणि आपणहून उघडणारे. मूळचे अर्जेंटिनाचे हुलिओ पाल्माझ वेगळ्या वाटेने गेले. गॅरेजमध्ये सापडलेल्या, गिलाव्याखाली मारतात तसल्या पत्र्याच्या जाळीच्या तुकड्यावरून त्यांना कल्पना सुचली. नळीला उभ्या फटी पाडायच्या आणि आतून फुगवायची. फटींचे पत्त्यांतल्या चौकटसारखे आकार होतात आणि फुगा काढला तरी तसेच राहतात. या घराण्यातल्या स्टेंटला अमेरिकेत १९९४ मध्ये हृदयासाठी मान्यता मिळाली.

चौकट तशीच का राहते, हे तारेचा तुकडा हातात घेतला की कळतं. थोडी वाकवून सोडली तर तार सरळ होते. ही स्थितिस्थापकता आपण शाळेत शिकलो. जास्त वाकवली की ती तशीच राहते, कारण आता धातूच्या स्फटिकांमधले अणूंचे थर एकमेकांवरून सरकलेले असतात. स्टेनलेस स्टीलची ही मर्यादा अगदी लहान आहे. सुमारे ०.१५ टक्के ताणापर्यंतच, म्हणजे लांबीत तेवढाच फरक पडेपर्यंत, ते मूळ रूपात येतं. स्टेंट म्हणजे नागमोडी कड्यांची माळ, लेसरने बारीक नळीतून कापलेली. फुग्यावर आवळलेला असताना त्याचा व्यास साधारण एक मिलिमीटर असतो आणि रोहिणीत तो तीनच्या आसपास उघडतो. एवढा बदल सगळ्या धातूवर सारखा वाटला जात नाही. सरळ काड्या नुसत्या फिरतात आणि नागमोडीच्या वळणांवर मात्र वीस टक्क्यांपर्यंत ताण येतो. तिथला धातू मर्यादेच्या शंभरपट पलीकडे जातो, म्हणून प्रत्येक वळण कायमचं उघडतं.

तरी थोडी ओढ उरतेच. फुगा उतरवला की स्टेंट किंचित आत येतो, म्हणून डॉक्टर तो अंदाज धरून फुगवतात. ही माघार दोन गुणांच्या भागाकारावर ठरते: धातू कायमचा वाकायला लागतो तो दाब, भागिले धातूचा ताठपणा. कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू स्टीलपेक्षा सुमारे पाऊणपट अधिक दाबाला वाकतो, पण त्याचा ताठपणा जेमतेम पावपट जास्त आहे. भागाकार वाढतो. म्हणजे स्टेंट त्याच आकाराचा ठेवला, तर अधिक मजबूत धातू अधिक माघार घेतो! मजबूत तेच चांगलं, असं इथे सरळ म्हणता येत नाही.

मग कोबाल्ट-क्रोमियम का निवडला? बारीक काड्यांसाठी. कडं उघडताना काडी नळीच्या पृष्ठभागातच वाकते, त्यामुळे कड्याचा ताठपणा काडीच्या रुंदीच्या घनाशी बांधलेला असतो आणि जाडीशी फक्त सम प्रमाणात. रुंदी निम्मी केली तर ताठपणा एक अष्टमांश होतो. जाडी निम्मी केली तर निम्मा. रक्तप्रवाहात घुसते ती जाडी. ती कमी करणं स्वस्तात पडतं, आणि जी थोडी ताकद जाते ती मजबूत मिश्रधातू भरून काढतो. जर्मनीत २००१ मध्ये झालेल्या चाचणीत ५० आणि १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या काड्यांच्या स्टेंटची तुलना झाली. रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बारीक स्टेंटमध्ये १५ टक्के, तर जाडमध्ये जवळपास २६ टक्के निघालं. काडी जेवढी जाड, तेवढी रोहिणीच्या भिंतीला इजा जास्त.

रोहिणीत काही काळ टेकू देऊन शरीरातच विरघळणाऱ्या स्टेंटचा गाजावाजा याच गणितावर अडला. प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ धातूपेक्षा कितीतरी लवचिक, म्हणून काड्या दीडशे मायक्रॉनच्या कराव्या लागल्या. रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. 'अ‍ॅब्सॉर्ब' नावाचा स्टेंट २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवून २०१७ मध्ये बाजारातून गेला. रोहिणीतला अडथळा साफ करतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याला तर एवढाही आधार नाही. चरबी आणि कॅल्शियमचा थर रोहिणीच्या अस्तराखाली, भिंतीत असतो. पोटात गेलेला काढा तो धुऊन काढू शकत नाही. काढ्याच्या भरवशावर रक्त पातळ करणारी गोळी सोडली तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. कृपया असं करू नका.

गंजण्याची भीतीही अनाठायी आहे. क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धातूला झाकतो, आणि काही आठवड्यांत रोहिणीचं अस्तर काड्यांवरून वाढू लागतं. सध्याचे बहुतेक स्टेंट एमआरआयलाही चालतात. तपासणीआधी स्टेंटचं कार्ड दाखवावं. खरी परीक्षा धातूच्या थकव्याची, म्हणजे पुन्हापुन्हा ताण येऊन तुटण्याची. मिनिटाला ७२ ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक होतात, म्हणून प्रयोगशाळेत स्टेंटला ४० कोटी आवर्तनं, म्हणजे दहा वर्षांचे ठोके, वेगाने सोसायला लावतात.

पायात आणि मानेत मात्र सगळं उलटं आहे. मानेतल्या रोहिणीवर बाहेरून दाब आला तर फुग्याने उघडलेला स्टेंट चेपतो आणि चेपलेलाच राहतो. तिथे खरी स्प्रिंगच हवी, आणि ती निकेल-टायटॅनियमच्या निटिनॉलची असते. हा मिश्रधातू १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला. त्यात अणूंचे थर कायमचे घसरत नाहीत. दाब वाढला की स्फटिकाची मांडणीच बदलते आणि दाब सुटला की ती परत येते, त्यामुळे सहा-आठ टक्के ताणही तो विसरून जातो. शिवाय त्याला आत दाबायला बराच जोर लागतो, पण उघडून बसल्यावर तो स्वतः भिंतीला हळूच ढकलतो. रोहिणीला नेमकं हेच मानवतं.

तरी मांडीची रोहिणी त्यालाही थकवते. गुडघा दुमडला की ती आखडते, पिळते आणि वळतेही. जर्मनीतल्या २००५ च्या अभ्यासात निटिनॉलचे स्टेंट बसवलेल्या १२१ पायांपैकी ४५ मध्ये काड्या तुटलेल्या दिसल्या. तेव्हापासून कड्यांना जोडणारे दुवे कमी झाले. काही स्टेंट तर नळी न कापता निटिनॉलच्या तारा विणूनच करतात. वाकताना तारा एकमेकींवरून सरकतात आणि एकाच वळणावर सगळा भार येत नाही. गुडघ्याच्या अगदी मागच्या भागात मात्र अनेक डॉक्टर अजूनही शक्यतो स्टेंट टाळतात आणि औषध लावलेल्या फुग्यावर भागवतात.