‘विषाणू सापडला नाही’ म्हणजे एचआयव्ही बरा झाला का?

‘रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही, म्हणजे एचआयव्ही गेला, गोळ्या बंद करा,’ असा मेसेज नागपुरातही फिरत असतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. थोडा विषाणू पेशींत निद्रिस्त राहतोच. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत तो पुन्हा रक्तात दिसू लागतो. खात्री करायची तर सरकारी एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) विचारा, किंवा १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.

रोज गोळी घेण्यात अडचण नुसती विसरण्याची नसते. ‘बरं वाटतंय, मग गोळी कशाला?’ किंवा ‘डबी कुणी पाहिली तर?’ असले विचार आडवे येतात. वर्तन-विचार पद्धतीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला मदत करणाऱ्या समुपदेशनात, समुपदेशक हे विचार कागदावर लिहायला लावतात, त्यांना आधार काय ते रुग्णासोबत तपासतात आणि गोळी रात्रीच्या जेवणासारख्या सवयीला जोडतात. लग्नाला अमरावतीला जायचं असेल तर दोन जास्तीच्या गोळ्या कुठे ठेवायच्या, हेही आधीच ठरतं.