फाउंडेड लिहू की एस्टॅब्लिश्ड?

फोंड्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयाचा नवीन बोर्ड करायचा होता, वर मराठी खाली इंग्लिश, आणि मराठीत "स्थापना" एका मिनिटात लिहून झालं पण इंग्लिशमध्ये फाउंडेड लिहायचं की एस्टॅब्लिश्ड यावर तासभर चर्चा झाली, एकाने तर "फाउंड इन" असं लिहून आणलेलं. ते मात्र चूकच. फाउंड म्हणजे सापडलं, तो फाइंडचा भूतकाळ. स्थापन करणं या अर्थाचा फाउंड वेगळा, त्याचा भूतकाळ फाउंडेड.

हा फाउंड आलाय लॅटिनच्या फुंदुसवरनं. फुंदुस म्हणजे तळ, बूड, म्हणजे फाउंड करणं म्हणजे पायाच घालणं. फंड आणि फंडामेंटल याच घरातले, आणि जहाज बुडतं त्यालाही इंग्लिशमध्ये फाउंडर म्हणतात, तळाला जातं म्हणून. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे, संस्कृतात तळाला बुध्न म्हणतात, अगदी ऋग्वेदापासून, इंग्लिशचा बॉटम त्याचाच भाऊ आणि आपण झाडाचा बुंधा म्हणतो तोही याच कुळातला. आता कोणी म्हणेल फ कुठे आणि ब कुठे. तर लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरवातीला फ असला की संस्कृतात तिथे बऱ्याचदा भ सापडतो, फ्रातेर आणि भ्रातृ बघा. मग भुध्न का नाही झालं? कारण संस्कृतात जवळजवळच्या दोन अक्षरांत भ, ध असे महाप्राण आले की पहिल्यातला ह गळून पडतो, म्हणूनच धा या धातूचं धधाति न होता दधाति होतं. हा नियम १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमान यांनी मांडला आणि हे गृहस्थ मुळात गणितातले!

फाउंड्रीतला फाउंड परत निराळा. तो लॅटिनच्या ओतणे या अर्थाच्या क्रियापदावरनं आला, रिफंडही तिथलाच. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या हु धातूचं मूळ एकच, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा वगैरे रस ओतायची फाउंड्री आणि अग्नीत तूप ओतायचा होम हे लांबचे नातेवाईक आहेत.

एस्टॅब्लिश मात्र उभं राहण्याशी जोडलेला. लॅटिनमध्ये स्तारे म्हणजे उभं राहणं, आपल्याकडे स्था. तिकडे स्टेबल, स्टेशन, स्टेट, इन्स्टिट्यूट, इकडे स्थिर, स्थान, संस्था, आणि स्थापना म्हणजे शब्दशः उभं करणं. हे सारखेपण गोव्यातच फार लवकर कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, साष्टीत राहून पुढे मराठीत ओव्या लिहिणारे फादर स्टीफन्स, त्यांनी १५८३ मध्ये भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं लिहिलंय. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं सांगणारं विल्यम जोन्स यांचं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे दोनशे वर्षांनी नंतरचं. शाळेत आम्हाला जोन्सच शिकवले, स्टीफन्सही शिकवायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

स्थापना कंपनीचीही होते, म्हणून कंपनी या शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅटिनमध्ये कोम म्हणजे सोबत आणि पानिस म्हणजे ब्रेड, एकत्र बसून ब्रेड खाणारे ती कंपनी. आणि आपला पाव पोर्तुगीजांकडून आला तोही पानिसवरनंच, सकाळी सायकलवरनं उंडे म्हणजे गोल पाव घेऊन येणारा पोदेर, तो शब्दसुद्धा!

तर बोर्डाचं. इंग्लिशमध्ये दोन्ही चालतात, पण फाउंड केलं म्हणजे कोणीतरी एका दिवशी पाया घातला आणि एस्टॅब्लिशमध्ये घट्ट उभं राहणं येतं, त्याला वर्षं लागू शकतात. आमच्याकडे चारपाच जणांनी एका खोलीत पुस्तकांचं एक कपाट मांडून सुरवात केली होती, स्वतःची जागा नंतर खूप वर्षांनी झाली, आणि बोर्डावर साल आहे ते त्या कपाटाचं. म्हणून फाउंडेड.