गट नंबरची तारीख कशी होते?

अतिवृष्टी झाली की मराठवाड्यात गावोगावच्या नुकसानीच्या याद्या एक्सेलमध्ये भरल्या जातात. पुढे त्या डेटाबेसमध्ये घ्यायच्या म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट, असा समज आहे. तो चुकीचा आहे. एक्सेलच्या एकाच रकान्यात नाव, आकडा, तारीख काहीही बसतं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांच्या डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक रकान्यात काय बसणार हे आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात विलक्षण प्रकार गट नंबरचा. समजा परभणीकडच्या एका शेताचा गट नंबर आहे 12/3. टाइप करून एंटर दाबलं की, संगणकात आपली दिवस-महिना पद्धत असेल तर, एक्सेल त्याला 12 मार्च समजतं. आत साठतो तो निव्वळ एक आकडा. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून एक्सेल दिवस मोजतं आणि वर्ष दिलेलं नसलं की चालू वर्ष धरतं. म्हणून 2024 साली टाइप केलेल्या 12/3 चे होतात 45363, आणि 2025 साली टाइप केलेल्याचे 45728. जमीन तीच! शिवाय 1900 हे लीप वर्ष नसूनही, लोटस 1-2-3 या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून एक्सेल 29 फेब्रुवारी 1900 हा कधी न उगवलेला दिवसही मोजतं. त्यामुळे डेटाबेसमध्ये या आकड्याची परत तारीख करताना शून्य दिवस 30 डिसेंबर 1899 धरावा लागतो. शेजारचा गट 132/2 मात्र शाबूत राहतो, कारण 132 तारीख नसते. म्हणूनच वरवर बघताना घोटाळा लक्षात येत नाही.

खाते नंबरचं दुखणं याहून वाईट. एक्सेल आकड्यातले 15च अंक जपतं. सोळावा अंक शून्य होतो. एआयला फाइल दिली की सगळं दुरुस्त होतं, असा गाजावाजा सध्या चालू आहे. पण जो अंक फाइलमध्ये उरलेलाच नाही, त्याचा फक्त अंदाज बांधता येतो, आणि अंदाजाने कुणाच्या खात्यात पैसे टाकायचे नसतात.

म्हणून टाइप करण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करावा. डेटाबेसमध्येही आधी एका कच्च्या टेबलात सगळं टेक्स्ट म्हणूनच घ्यावं आणि तपासून पक्क्या टेबलात न्यावं. तिथे फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलात असलेलंच नाव आत घेण्याचा नियम, राखण करते: जिल्ह्यांच्या टेबलात ‘धाराशिव’ असेल आणि यादीत ‘उस्मानाबाद’, तर ती ओळ आत येतच नाही. अशा ओळी गाळून टाकल्या तर तेवढे शेतकरी यादीतून जातात. त्या वेगळ्या काढून तलाठ्यांकडून सातबाऱ्याशी ताडून घ्याव्यात.