व्हीपीएन ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतंय, मग नेट का चालत नाही?

व्हीपीएन म्हणजे तुमचं ट्रॅफिक गुप्त करून दुसऱ्या एका सर्व्हरमार्फत नेणारी सोय, आणि वायरगार्ड हा त्यासाठीचा एक प्रोग्राम. त्याच्या अ‍ॅपमध्ये कॉन्फिग (सेटिंग्जची) फाईल टाकली, बटण सरकवलं, ‘अ‍ॅक्टिव्ह’ असं आलं, एरर वगैरे काही नाही, आणि ब्राउझरमध्ये मात्र एक पान उघडेल तर शपथ. स्वतःचा व्हीपीएन पहिल्यांदा लावणारे बरेच जण इथेच अडकतात आणि मग तीच फाईल डिलीट करून परत टाकत बसतात. पण त्या ‘अ‍ॅक्टिव्ह’चा अर्थ फक्त इतकाच असतो की तुमच्या मशीनवर एक व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड तयार झालंय. पलीकडे सर्व्हर चालू आहे का, त्याने तुम्हाला ओळखलं का, हे त्यावरून कळत नाही.

मुळात होतं काय, तर तुमचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आधी या व्हर्च्युअल कार्डाकडे जातं, तिथे ते अख्खंच्या अख्खं एन्क्रिप्ट होतं आणि दुसऱ्या एका यूडीपी (पॅकेट पाठवायची एक साधी पद्धत) पॅकेटमध्ये घालून सर्व्हरला पाठवलं जातं, म्हणजे पाकिटात पाकीट. सर्व्हर वरचं पाकीट फोडतो आणि आतलं पुढे धाडतो. नेट देणाऱ्या कंपनीला फक्त वरच्या पाकिटावरचा पत्ता दिसतो. मात्र आता तुम्ही कुठे कुठे जाताय हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसतं, म्हणजे विश्वास नाहीसा होत नाही, तो एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला जातो. माझ्या मते फुकटच्या व्हीपीएन अ‍ॅपपेक्षा स्वतःचा छोटा सर्व्हर बरा तो यासाठीच. आणि एखाद्या साईटवर लॉगिन करून बसलात तर ती साईट तुम्हाला ओळखणारच, तिथे व्हीपीएन काही करू शकत नाही.

आता फाईलकडे या. ‘इंटरफेस’च्या खाली तुमची स्वतःची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) असते आणि ‘पीअर’च्या, म्हणजे पलीकडच्या मशीनच्या, खाली समोरच्याची पब्लिक की (उघड किल्ली). प्रत्येक की ३२ बाइटची, लिहिताना ४४ अक्षरांची आणि शेवटी बरोबरचं चिन्ह. दोन्ही की दिसायला सारख्याच, त्यामुळे अदलाबदल होते किंवा आपलीच पब्लिक की आपल्याच पीअरमध्ये पेस्ट केली जाते. प्रायव्हेट की ज्या मशीनची आहे तिथेच बनवायची आणि तिथून हलवायची नाही. आपली प्रायव्हेट आणि समोरच्याची पब्लिक एवढ्यावरून दोन्ही बाजूंना तेच गुपित काढता येतं, ही डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडलेली कल्पना आहे. मला ती आजही विलक्षण वाटते, कारण गुपित स्वतः तारेवरून कधी जातच नाही.

की चुकली तर सर्व्हर ‘चुकीची की’ असं सांगत नाही, तो गप्पच बसतो. हे मुद्दाम तसं केलंय, ओळख न पटलेल्या पॅकेटला उत्तरच द्यायचं नाही, म्हणजे पोर्ट (मशीनवरचे क्रमांक दिलेले दरवाजे) शोधत फिरणाऱ्यांना इथे काही आहे हेच कळू नये. सुरक्षेसाठी हे उत्तम, पण सेटअप करणाऱ्याला की चुकलीय, फायरवॉलमध्ये (पॅकेटं अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) वायरगार्डचं नेहमीचं यूडीपी ५१८२० पोर्ट बंद आहे की सर्व्हरच बंद आहे, सगळं एकसारखंच दिसतं. अशा वेळी आकड्यांकडे बघायचं. टर्मिनलवर ‘डब्ल्यूजी शो’ (wg show) ही कमांड दिली की किती बाइट गेले आणि किती आले ते दिसतं. गेलेले १४८, मग साधारण पाच सेकंदांनी २९६, मग ४४४, आणि आलेले शून्यच, असं असेल तर समजायचं की हँडशेकचं (दोन्ही बाजूंनी सुरुवातीला एकमेकांना ओळखण्याचं) पहिलं पॅकेट, जे बरोब्बर १४८ बाइटचं असतं, ते पुन्हा पुन्हा जातंय आणि पलीकडून उत्तर नाही. मग की, पत्ता आणि पोर्ट एवढंच तपासा, बाकी कशाला हात लावू नका.

हँडशेक झाला तरी पान उघडत नसेल तर सगळ्यात आधी ‘अलाउड आयपीज’ बघा, कारण ही एकच ओळ दोन कामं करते. पॅकेट पाठवताना कोणता पत्ता कोणत्या पीअरकडे जाणार ते ती ठरवते आणि येताना त्या पीअरकडून कोणत्या पत्त्याची पॅकेटं घ्यायची तेही तीच ठरवते. तुमच्या फोनवर ०.०.०.०/० म्हणजे सगळं ट्रॅफिक बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, पण ::/० (आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्यांसाठी तेच) लिहायचं राहिलं आणि नेटवर्कवर आयपीव्ही६ असेल तर तेवढं ट्रॅफिक बाहेरूनच जातं आणि तुम्हाला कळतही नाही. सर्व्हरवर मात्र प्रत्येक फोनपुढे त्याचा एकच पत्ता हवा, उदाहरणार्थ १०.८.०.२/३२ (/३२ म्हणजे फक्त हा एकच पत्ता). तिथे कॉपी-पेस्टच्या नादात ०.०.०.०/० पडलं तर सर्व्हर स्वतःचंच ट्रॅफिक तुमच्या फोनकडे ढकलायला लागतो आणि तुम्हाला त्यात लॉगिनही करता येत नाही. दोन फोनना एकच पत्ता दिला तर शेवटी लिहिलेल्याला तो मिळतो, पहिला मुकाट बंद पडतो.

याशिवाय सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्याची पॅकेटं पुढे धाडणं) चालू लागतं, लिनक्समध्ये ते सहसा बंदच असतं, आणि मास्करेडचा, म्हणजे फोनच्या पत्त्याऐवजी सर्व्हरचा पत्ता लावायचा, नियम लागतो, नाहीतर उत्तरं परत येत नाहीत. पिंग १.१.१.१ (थेट आकडी पत्त्यावर केलेली चाचणी) चालतं पण नावाने साईट उघडत नाही, असं झालं तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. थोडा वेळ शांत राहिलं की बाहेरून कनेक्शन मिळत नाही, असं असेल तर राउटर यूडीपीची नोंद विसरतोय, मग कीपअलाइव्ह (ठराविक वेळाने एक रिकामं पॅकेट पाठवत राहण्याची सेटिंग) २५ सेकंद ठेवा.

शेवटची तक्रार सगळ्यात चकवणारी, छोटी पानं उघडतात आणि मोठी अर्धवट लटकतात. नेहमीचं पॅकेट १५०० बाइटचं, वरच्या पाकिटाला जास्तीत जास्त ८० लागतात, म्हणून वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४२० असतो. पण वाटेत एखादी लाईन १५०० पेक्षा कमी घेणारी असली की मोठी पॅकेटं मध्येच गळतात. तेव्हा एमटीयू १२८० टाकून बघा, त्यावर नीट चाललं तर थोडं थोडं वाढवत न्या आणि जिथे लटकायला लागेल त्याच्या एक पायरी खाली थांबा.