कर्ज, वर्तन आणि पडताळणी: हे नियम आले कुठून?

साताऱ्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळण्याचं टेन्शन कमी, चारित्र्य पडताळणीचं जास्त. पोवई नाक्याजवळ झेरॉक्सच्या दुकानात एकजण साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायचा अर्ज, भरता भरता अडला होता. रकाना होता अटक, खटला, दंड यांचा. गावच्या यात्रेतल्या भांडणात त्याचं नाव फिर्यादीत आलं होतं, पुढे तडजोड झाली. "नाही लिहू का?" तो मित्राला विचारत होता. दुसरी काळजी वडिलांच्या नावावरच्या सोसायटीच्या थकबाकीची.

कर्जाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. 1875 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, खतं जाळली. त्यानंतर 1879 चा कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं थांबलं. देणं असणं हा गुन्हा नव्हे, हे इथे तेव्हाच मान्य झालं.

सरकारी नोकराला मात्र वेगळं माप लागलं. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला 17 वा नियम सांगतो की, खासगी व्यवहार असे ठेवा की कायमचं कर्जबाजारीपण येणार नाही. वसुलीचा दावा झाला तर ते लगेच वरिष्ठांना कळवावं लागतं. अडलेला माणूस विकत घेता येतो, ही त्यामागची भीती.

ती भीती किती खरी, हे अमेरिकेत दिसलं. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या 1953 च्या आदेशाने कर्मचाऱ्याची निष्ठाच नव्हे, वागणूकही तपासायला सुरुवात झाली. तरीही सीआयए या अमेरिकी हेरखात्यातला अधिकारी ऑल्ड्रिच एम्स या तपासणीतून निसटला. घटस्फोट आणि देण्यांनी घेरलेल्या या माणसाने 1985 मध्ये सोव्हिएत हेरखात्याला गुपितं विकली. पगार बेताचा, पण त्याने 5 लाख 40 हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं, दारात जग्वार उभी केली. पकडला गेला तो थेट 1994 मध्ये, आणि तोवर अमेरिकेच्या कित्येक खबऱ्यांचे जीव गेले होते. पुढच्याच वर्षी नव्या आदेशाने काही पदांवरच्या लोकांना घरचा हिशेब उघड करणं भाग पाडलं. गुप्त माहिती हाताळायची परवानगी देताना आज तिथे 2017 पासूनचे 13 निकष लागतात. आजारपण, गेलेली नोकरी यांमुळे झालेलं कर्ज प्रामाणिकपणे फेडत असाल तर ते समजून घेतलं जातं. दडवलेलं कर्ज मात्र महागात पडतं. मला हा फरक फार न्याय्य वाटतो.

आपल्याकडे नोकरीच्या पडताळणीत माहिती दडवण्याबद्दलच्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जवळपास हीच रेघ ओढली. माहिती खरी द्या, दडवलीत तर नेमणूक जाऊ शकते. कोवळ्या वयातली किरकोळ चूक असेल तर नोकरी देणारा ती माफ करू शकतो, पण तो निर्णय त्याचा.

झेरॉक्सवाल्या काकांनी पोराला तेवढंच सांगितलं, "खरं लिही, तडजोडीचा कागद जोड." वडिलांचं कर्ज वडिलांचं. स्वतः जामीन राहिला असेल तर मात्र ते त्याच्या गळ्यात येतं. त्याने पेन पुन्हा हातात घेतलं आणि रकान्यात 'होय' लिहिलं.